स्कॉटलंडमधल्या छोट्या टाऊनची शाळा: मुलीसाठी शहरात जायचं का?

स्कॉटिश बॉर्डर्समधल्या एका खेड्यातून आलेलं हे पत्र. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय. लिहिणारीचा नवरा तिथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे, ती स्वतः नाशिकला कॉलेजात शिकवायची, आता एका केअर होमच्या ऑफिसात पार्टटाइम काम करते. सहा वर्षं झाली येऊन, आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) गेल्या वर्षी हातात पडलं. थोरली मुलगी तेरा वर्षांची, हायस्कूलच्या एस-२ मध्ये (दुसऱ्या वर्षात), धाकटा अजून खेड्यातल्याच प्रायमरीत. हायस्कूल आठ मैलांवरच्या टाऊनमध्ये, पाचेकशे मुलं, त्यातली बरीचशी आसपासच्या खेड्यांतून बसने येणारी.

तिचं म्हणणं असं: "ताई, या शाळेत अभ्यासच नाही. होमवर्क कधीतरी, पाठ्यपुस्तकं घरी येत नाहीत, नंबर नाही, टक्के नाहीत, रिपोर्टमध्ये नुसतं 'ऑन ट्रॅक'. आता पुढच्या वर्षीच्या विषयांचा फॉर्म आलाय, त्यात फिजिक्स आणि ड्रामा एकाच कॉलममध्ये, म्हणजे दोन्हींतलं एकच घेता येतं, आणि बाईसाहेबांना ड्रामा हवाय. तिने मेडिसिनला जावं अशी आमची इच्छा. तिच्याच वयाचा पुण्याचा मामेभाऊ फाउंडेशनच्या क्लासला जातो, आणि सासूबाई दर रविवारी फोनवर विचारतात की डॉक्टरच्या मुलीला खेड्यातल्या शाळेत का घातलंय. शाळेत आमच्यासारखी दिसणारी ती जवळजवळ एकटीच. मागे बसमध्ये कुणीतरी काहीतरी बोललं, ती म्हणाली सोड ना आई. नवऱ्याला न्यूकॅसलला नोकरी मिळू शकते. नाहीतर मी मुलांना घेऊन एडिनबराला भाड्याने राहायचं आणि त्याने इथे एकट्याने, असाही विचार आहे. प्रायव्हेट शाळाही बघतोय. मुलगी म्हणते मी कुठेही येणार नाही, आणि दार आपटते. काय करावं?"

तू ताई म्हणालीस म्हणून मी सरळ अगंतुगंवर येते. तुझ्या पत्रात मला एक नाही, चार-पाच प्रश्न दिसतायत आणि ते सगळे तू 'शाळा' या एकाच गाठोड्यात बांधून ठेवलेत. मी फाइफमध्ये अशाच एका छोट्या टाऊनच्या शाळेत काही वर्षं सपोर्ट असिस्टंट होते, त्यामुळे काही गोष्टी आतून बघितल्यात, काही तिथल्या आपल्या लोकांकडून ऐकल्यात. तेव्हा गाठोडं सोडून एकेक बघू.

आधी अभ्यासाचं. तुझ्या डोक्यात एस-२ म्हणजे आठवी, आणि आठवी म्हणजे दहावी दोन वर्षांवर आली, म्हणून छातीत धडधड. तिथे एस-१ ते एस-३ या तीन वर्षांना ब्रॉड जनरल एज्युकेशन म्हणतात, आणि या काळात बोर्डाची परीक्षा नसतेच. सगळे विषय थोडे थोडे, विज्ञानाबरोबर लाकूडकामही आणि स्वयंपाकही, आणि डिसेंबरात पीईच्या तासाला मुलामुलींना जोड्या लावून गे गॉर्डन्स हा स्कॉटिश नाच नाचायला लावतात तेही त्यातच (हे बघताना हसू आवरत नाही, निम्मी मुलं एकमेकांचा हात स्वेटरच्या बाहीतूनच धरतात). पहिली खरी परीक्षा एस-४ ला, नॅशनल ५, एप्रिलच्या शेवटापासून मेपर्यंत चालते आणि रिझल्ट ऑगस्टच्या सुरुवातीला. युनिव्हर्सिटीवाले मुख्यतः बघतात ते एस-५ चे हायर, आणि एस-६ ला अजून हायर किंवा अॅडव्हान्स्ड हायर. म्हणजे तुझ्या लेकीकडे अजून वेळ आहे, आणि पुण्याच्या भाच्याशी तुलना करायची तर तो ज्या शर्यतीत पळतोय ती शर्यत हिच्यासाठी लागलेलीच नाहीये.

पण तू अगदीच उगाच घाबरत्येस असंही मी म्हणणार नाही. या तीन वर्षांत हुशार मुलं आरामात बसतात आणि एस-४ ला एकदम दचकतात ही तक्रार तिथल्या शिक्षकांचीच आहे, स्टाफरूममध्ये मी कितीदा ऐकलीय. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२१ च्या अहवालात करिक्युलम फॉर एक्सलन्सच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या शालेय अभ्यासक्रमाच्या, कल्पनेचं कौतुक केलं पण पुढच्या परीक्षा तिच्याशी नीट जुळत नाहीत असंही सांगितलं. आणि पिसाच्या (पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय) चाचणीत स्कॉटलंडचा गणिताचा आकडा २०१८ ला ४८९ होता तो २०२२ ला ४७१ वर आला. पण यातलं काहीही तुमच्या टाऊनच्या शाळेपुरतं नाहीये, एडिनबराच्या सरकारी शाळेतही हाच करिक्युलम आणि हेच 'ऑन ट्रॅक' मिळणार. जागा बदलून सुटणाऱ्यातली ही गोष्ट नाही.

मग करायचं काय, तर रिपोर्टवर रागावण्यापेक्षा शाळेला नेमकं विचारायचं. गणितात आणि इंग्लिशमध्ये ती थर्ड लेव्हलला आहे की फोर्थ (या तीन वर्षांतल्या अभ्यासाच्या पातळ्या आहेत या), फोर्थ कधी पूर्ण होईल, वर्गाचे सेट, म्हणजे कुवतीप्रमाणे गट, पाडलेत का आणि ती कुठल्या सेटमध्ये आहे. पेरेंट्स इव्हिनिंगला प्रत्येक शिक्षकाबरोबर मोजून पाच-सात मिनिटं मिळतात, त्यात "हाऊ इज शी डूइंग" विचारलंस तर "लव्हली गर्ल" एवढंच ऐकून घरी येशील, आपले सगळेच पालक असे येतात. आणि तिची जॉटर, म्हणजे वही, उघडून बघ ना, शेवटची कधी बघितली होतीस? काउन्सिलने (तिथल्या स्थानिक प्रशासनाने) दिलेला आयपॅड असेल तिच्याकडे, अर्धा अभ्यास त्यातच असतो, पुस्तक घरी येत नाही म्हणजे अभ्यास नाही असं नाही. तिच्या शेजारी बसून एकदा दाखव म्हण, तपासणीच्या सुरात नको.

भारतातून ऑनलाइन ट्यूशन लावायचा मोह होईल. गणिताला लावलीस तर काही बिघडत नाही, नॅशनल ५ च्या गणितात पहिला पेपर कॅल्क्युलेटरशिवाय असतो आणि तिथे आपले पाढे खरंच कामाला येतात. पण सायन्सला तिकडच्या सरांनी सीबीएसईचं पाठ करून घेतलं तर पोरीचा गोंधळ होतो, कारण इथे उत्तर कसं लिहिलं तर मार्क मिळतात याची एक पद्धत आहे. जुने पेपर आणि त्यांच्या मार्किंग इन्स्ट्रक्शन्स एसक्यूएच्या, म्हणजे आता जिचं नाव क्वालिफिकेशन्स स्कॉटलंड झालंय त्या संस्थेच्या वेबसाइटवर फुकट असतात. एस-४ ला तेच सोडवून घ्यायचे. आत्तापासून नको.

आता तो कॉलमचा फॉर्म. यात मात्र छोट्या शाळेची खरी अडचण आहे आणि ती तू बरोबर पकडलीयेस. दीड हजार मुलांच्या शाळेत फिजिक्सचे चार-पाच शिक्षक असतील तर तुमच्याकडे एक किंवा दीड, म्हणजे तो एक माणूस एका वेळी एकाच वर्गात असणार, म्हणून विषय एकमेकांवर येतात. कधी हायर आणि नॅशनल ५ ची मुलं एकाच खोलीत बसवून शिकवतात, कधी अॅडव्हान्स्ड हायरला तीनच मुलं आली म्हणून वर्गच निघत नाही, आणि तो एक शिक्षक सोडून गेला तर जाहिरातीवर जाहिरात निघते आणि माणूस मिळत नाही. हे ग्रामीण भागात होतं, लपवण्यात अर्थ नाही.

पण तू आत्ता भरत्येस तो एस-३ चा फॉर्म आहे. खरी निवड पुढच्या वर्षी, एस-४ साठी, सहा किंवा सात विषयांची. त्यामुळे पहिला प्रश्न गायडन्स टीचरला (मुलांच्या अडीअडचणी आणि विषयनिवड बघणाऱ्या शिक्षकाला) हा विचार की एस-३ ला फिजिक्स सोडलं तर एस-४ ला नॅशनल ५ फिजिक्स घेता येईल का, काही शाळांत येतं, काहींत नाही. दुसरं म्हणजे कॉलम आधी ठरतात का मुलांच्या पसंतीवरून बनतात. बऱ्याच शाळा आधी मुलांना काय हवंय ते विचारतात आणि मग जास्तीत जास्त मुलांचं जमेल असे कॉलम जुळवतात, म्हणजे फॉर्म वेळेत आणि स्पष्ट टीप लिहून दिला तर फरक पडतो. तिसरं, केमिस्ट्री, बायोलॉजी, मॅथ्स हे हायरला दरवर्षी चालतात का, आणि अॅडव्हान्स्ड हायर नाही चालला तर शाळा काय करते. शेजारच्या शाळेत पाठवतात, कॉलेजशी टायअप असतं, किंवा ई-स्गोल असते. ई-स्गोल तुला माहीत नसेल कदाचित, स्टॉर्नोवेहून २०१६ मध्ये सुरू झालेली ऑनलाइन शाळा, बेटांवरच्या मुलांना शिक्षक मिळेनात म्हणून निघाली आणि आता देशभरच्या शाळा तिच्यातून विषय घेतात. मुलं आपल्याच शाळेत एका खोलीत बसून लाइव्ह तास करतात. सगळ्या मुलांना नाही जमत ते, स्वतःहून बसणारं मूल लागतं. तुझी तशी आहे का हे तूच सांगू शकशील.

आणि मेडिसिनचं. तीनही सायन्स हवीतच हे तू कुठून घेतलंस? आपल्या पीसीबीवरून, बरोबर? स्कॉटलंडमध्ये मेडिकल स्कूल आहेत एडिनबरा, ग्लासगो, अॅबरडीन, डंडी आणि सेंट अँड्रूजला, आणि साधारण सगळीकडे केमिस्ट्री लागतं, त्याच्या जोडीला बायोलॉजी, मॅथ्स, फिजिक्स यातलं एक किंवा दोन, प्रत्येकाचं थोडं वेगळं. फिजिक्स नसलं म्हणून दार बंद होतं असं नाही. जास्त महत्त्वाचं हे की एस-५ ला एकाच वेळी पाच हायर आणि जवळजवळ सगळे ए, शिवाय यूकॅट ही प्रवेशपरीक्षा, शिवाय इंटरव्ह्यू. इंटरव्ह्यूत समोरच्या माणसाशी नीट बोलणारी, घाबरलेल्या पेशंटचं सोंग घेतलेल्या नटाशी न गडबडता बोलणारी मुलगी हवी असते. ड्रामाचा तास तिथे वाया जाईल असं मला तरी वाटत नाही. आणि समजा एस-५ मध्ये तिलाच फिजिक्स हवंसं वाटलं तर नॅशनल ५ न करता थेट हायर घेणारी मुलं असतात, क्रॅश हायर म्हणतात त्याला, सोपं नाही पण होतं.

शिवाय, मेडिसिन कुणाला हवंय? पत्रात तू "आमची इच्छा" लिहिलंयस, तिची इच्छा काय ते एका ओळीतही नाही. तेरा वर्षांच्या मुलीला माहीत नसेल अजून, नसू दे की. केमिस्ट्री, बायोलॉजी, मॅथ्स, इंग्लिश ठेवलं की पुढे वळायला वाट राहते, तेवढं बघ आणि उरलेल्या कॉलममध्ये तिला मोकळं सोड.

आता जायचं कुठे, ते पर्याय. न्यूकॅसलचा सगळ्यात आधी बघते कारण तिथे घाई केली तर परत फिरणं अवघड आहे. तिचा वाढदिवस मार्च ते ऑगस्टमधला असेल आणि ती उन्हाळ्यात तिकडे गेली तर इयर १० मध्ये जाईल, म्हणजे थेट जीसीएसईच्या (इंग्लंडमधल्या दहावीसारख्या परीक्षेच्या) पहिल्या वर्षात. हे त्यातल्या त्यात बरं. पण अजून वर्षभर थांबून गेलात तर अर्धा जीसीएसई बुडालेला असेल, तेव्हा जायचंच तर याच वर्षी, नाहीतर तिचं शिक्षण होईपर्यंत नाही. आणि फीचा हिशोब घरात मांडलाय का? स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या पात्र मुलांची तिथल्या युनिव्हर्सिटीतली पहिल्या डिग्रीची फी, वर्षाला १८२० पौंड, सास ही सरकारी संस्था भरते. इंग्लंडमध्ये २०२५-२६ ला तीच ९५३५ पौंडांपर्यंत होती, आणि तुम्ही इंग्लंडमध्ये राहायला गेलात आणि मुलगी नंतर शिकायला एडिनबराला आली तरी तिला स्कॉटिश मुलांची ही सवलत मिळणार नाही, कारण कोर्स सुरू होताना मूळ राहणं स्कॉटलंडमध्ये असावं लागतं. तुमचं आयएलआर झालंय, तीन वर्षांहून जास्त राहणं झालंय, म्हणजे आत्ता तुम्ही बरोबर त्या नियमात बसताय. नियम बदलत असतात, सासच्या साइटवर स्वतः वाच, पण नोकरीची ऑफर स्वीकारायच्या आधी वाच. मेडिसिन पाच-सहा वर्षांचं असतं, मोठा आकडा होतो तो.

एडिनबराला भाड्याने. सरकारी शाळा कॅचमेंटवर (शाळेला ठरवून दिलेल्या वस्तीवर) चालतात, म्हणजे ज्या शाळेचं नाव तू ऐकलंयस तिच्या कॅचमेंटमध्ये घर घ्यायचं, तिथली भाडी तुला माहीत असतीलच, आणि घर घेतलं तरी तिच्या वर्षात जागा आहे का हे काउन्सिलला आधी फोन करून विचारायचं, गृहीत धरू नकोस. दुसऱ्या शाळेसाठी प्लेसिंग रिक्वेस्ट करता येते, १५ मार्चपर्यंत दिली तर ३० एप्रिलपर्यंत उत्तर द्यावं लागतं त्यांना, पण मग जायचं-यायचं तुमचं तुम्ही बघायचं. हे तुमच्याच काउन्सिलमधल्या दुसऱ्या मोठ्या हायस्कूललाही लागू आहे, बॉर्डर्समध्ये नऊ हायस्कूल आहेत, तो पर्याय तू लिहिलाच नाहीस, थेट एडिनबराला उडी. आणि एक आतली गोष्ट सांगते, बऱ्याच स्कॉटिश शाळांत नवं टाइमटेबल ऑगस्टमध्ये सुरू होत नाही, जूनमध्येच होतं, परीक्षा संपल्या की मुलं पुढच्या वर्गात जाऊन बसतात आणि मग सुट्टी लागते. बदलायचं असेल तर ते मेच्या आत पक्कं पाहिजे, ऑगस्टमध्ये नव्या शाळेत गेलेल्या मुलीला पहिल्या दिवशी कळतं की बाकीच्यांचा एक महिना आधीच झालाय.

पण मला या पर्यायात खटकतंय ते वेगळंच. नवरा तिकडे ऑन-कॉल करून रिकाम्या घरात येणार, तू एडिनबराला दोन मुलं आणि भाडं एकटीने ओढणार, धाकट्याची मस्त चाललेली प्रायमरी सुटणार, तुझी नोकरी सुटणार, आणि हे सगळं एका कॉलममधल्या फिजिक्ससाठी? दोन घरं करून राहिलेली आपली कुटुंबं मी बघितलीत, काहींचं निभतं, पण ज्या मुलासाठी केलं त्याच्या डोक्यावर ते ओझं कायम राहतं, पेपर अवघड गेला की घरातला प्रत्येक जण तोच हिशोब काढतो.

प्रायव्हेटचं लवकर संपवते. एडिनबराच्या डे स्कूलची सीनियरची फी साधारण पंधरा हजार पौंडांच्या पुढेच जाते, जानेवारी २०२५ पासून त्यावर २० टक्के व्हॅट आलाय, धाकटाही मागून येतोय. परवडत असेल आणि तिला जायचं असेल तर जरूर बघा, स्कॉलरशिप-बर्सरीही विचारा. कर्ज काढून नको.

मग तिथेच राहायचं ठरलं तर? मला विचारशील तर निदान एस-३ संपेपर्यंत तरी मी राहीन. पाचशे मुलांच्या शाळेत एकच गायडन्स टीचर बहुतेक वेळा एस-१ पासून एस-६ पर्यंत मुलाला ओळखतो, घरात आजारपण झालं तर त्याला माहीत असतं, पुढे यूकासचा (युनिव्हर्सिटीच्या अर्जाचा) रेफरन्स लिहिताना तो मुलीबद्दल लिहितो, फाइलबद्दल नाही. हॉकीच्या टीममध्ये, स्कूल शोमध्ये घुसायला जागा असते. एस-३ ला ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्डचं ब्राँझ सुरू होईल, पावसात तंबू ठोकून रात्र काढायची, ते करू दे. याची दुसरी बाजू पण आहे, मैत्रिणींच्या एका घोळक्याशी बिनसलं तर दुसरा घोळका नसतो, आणि मंगळवारी झालेलं भांडण बुधवारी को-ऑपच्या दुकानातल्या बाईलाही माहीत असतं. म्हणून तिचं एखादं जग शाळेबाहेरचं असलेलं बरं.

इथेच बस आड येते. शाळेची बस सुटल्या सुटल्या निघते, म्हणून खेड्यातली मुलं क्लबला थांबत नाहीत, आणि मग तुम्हाला वाटतं की शाळेत काही चालतच नाही. तिच्याकडे यंग स्कॉटचं कार्ड आहे का? २२ वर्षांखालच्या सगळ्यांना २०२२ पासून साध्या बसने फुकट फिरता येतं, संध्याकाळची सर्व्हिस बस तुमच्या खेड्यावरून जात असेल तर आठवड्यातून दोन दिवस ती थांबू शकते. नसेल जात तर खेड्यातल्या आणखी दोन-तीन घरांशी गाडीची पाळी लाव, ती सगळी हेच रडगाणं गात असतील बघ, फक्त आपण विचारत नाही कारण आपल्याला वाटतं आपण बाहेरचे. डिसेंबरात चारच्या आधी काळोख होतो तिथे, एकटीला स्टॉपवर उभी करू नकोस. आणि पेरेंट काउन्सिलमध्ये जा. २००६ च्या कायद्याने आलेली सोय आहे ती, बऱ्याच शाळांत सहा-सात पालक बिस्किटं खात बसलेले असतात आणि नवं माणूस आलं की खुर्ची ओढून देतात. लेट बसचा विषय तिथे मांडता येतो, फिजिक्सच्या शिक्षकाचाही.

बसमधलं ते बोलणं. "सोड ना आई" म्हणाली म्हणून सोडू नकोस, आणि उद्या सकाळी शाळेत जाऊन टेबलावर हात आपटू नकोस. रात्री दिवा बंद झाल्यावर, किंवा गाडीत, समोरासमोर नसताना विचार काय झालं होतं. काय बोलले, कोण होतं, ड्रायव्हरने ऐकलं का. तारीख घालून लिहून ठेव. पुन्हा झालं तर गायडन्स टीचरला ईमेल कर, फोन नको, लिखित राहिलं पाहिजे, बस शाळेची असेल तर ती जबाबदारी शाळा-काउन्सिलचीच आहे आणि इक्वॅलिटी अॅक्ट २०१० त्यांना लागू होतो. ईमेल पाठवायच्या आधी तिला दाखव. तिला भीती असते ती आई सगळ्यांसमोर तमाशा करेल याची, टोमण्यापेक्षा ही जास्त. आणि शहरात हे होत नाही असं नाही गं, तिथे सोबतीला आपल्यासारखी आणखी चार मुलं असतात एवढंच, पण ते "एवढंच"ही लहान नाही, हे मला मान्य आहे. म्हणून महिन्यातून एखादा शनिवार ट्वीडबँकहून गाडी पकडून एडिनबराला जात जा, २०१५ पासून ती रेल्वे आहे, तासाभराचं काम. तिथल्या मराठी घरांतल्या मुलींशी ओळख होऊ दे.

ही शेवटची गोष्ट तिच्याइतकीच तुझ्यासाठी लिहितेय. पत्रात शाळेवर दोन पानं आहेत आणि तुझ्यावर अर्धी ओळ, "नाशिकला शिकवायचे". सहा वर्षं खेड्यात, नवऱ्याच्या ड्यूट्या, केअर होमचं काम, मराठीत बोलायला रविवारचा फोन आणि त्यावरही सासूबाईंची उलटतपासणी. एडिनबराला जावंसं तुलाच वाटत असेल तर त्यात लाजण्यासारखं काय आहे? मग तसं म्हण. नवऱ्याला सांग की मला इथे गुदमरतंय, मला परत शिकवायचंय. जनरल टीचिंग काउन्सिल फॉर स्कॉटलंडकडे रजिस्ट्रेशनला तुझी डिग्री कितपत चालेल, टीचिंगचा डिप्लोमा करावा लागेल का, ते विचारून बघ. तुझा विषय पत्रात कळला नाही, पण गणित किंवा फिजिक्स असेल तर बॉर्डर्समधलेच हेडटीचर तुझ्याकडे चहाला येतील. मुलीच्या नावावर तुझी गरज चालवलीस तर ती दार आपटणारच, पोरांना बरोबर वास येतो.

सासूबाईंना उत्तर नवऱ्याने द्यायचं. त्यांचा मुलगा आहे तो. तू तिकडे फोन दे आणि चहा टाक.

आणि मुलीचं ऐक, म्हणजे तिचं म्हणणं तेच शेवटचं असं नाही, पण तिचं म्हणणं काय आहे ते तरी माहीत होऊ दे, "कुठेही येणार नाही" हे म्हणणं नव्हे, तो आरडाओरडा आहे. तिथे शाळेतही मुलांना थेट विचारायची पद्धत आहे, मीटिंगला बोलावलं तर गायडन्सवाले आधी तिच्याकडे वळून बोलतील, तुझ्याकडे नाही, आणि तुला ते खटकेल, खटकू दे. तिला विचार की इथे काय सोडवत नाही, आणि इथे काय आवडत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यायला वेळ लागेल. मधे बोलू नकोस.

फॉर्म परत द्यायची तारीख बघून त्याआधी गायडन्स टीचरची वेळ घे, तिला बरोबर घेऊन जा, नवऱ्यालाही रजा टाकायला लाव. एस-४ ला फिजिक्स परत घेता येतं असं ते म्हणाले तर ते ईमेलवर लिहून माग, आणि ड्रामावर टिक करून टाका. नाही म्हणाले तर मला कळव, मग केमिस्ट्री-बायोलॉजीचं काय करायचं ते बघू.